साठ अधिक साठ म्हणजे पदवी नव्हे!

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतून एक गणित अलीकडे फार ऐकू येते. मुलीने फोटोग्राफीची पदवी घेण्याचा विचार बोलून दाखविला, की घरातली कर्ती मंडळी चार दिवस अबोला धरतात आणि पाचव्या दिवशी तडजोड काढतात : "आधी दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढ. सगळे सामान्य विषय उरकून घे, साठ युनिट्स गाठीला बांध. मग विद्यापीठात बदली घे, आणि उरलेल्या साठांत कर काय तुझी फोटोग्राफी करायची ती!" ऐकायला किती शहाणपणाचे वाटते! पैसा वाचला, पोरीचे मन राखले, आणि मधल्या दोन वर्षांत ते खूळ डोक्यातून गेलेच तर सोन्याहून पिवळे! आमचे म्हणणे असे, की हे शहाणपण नव्हे. ही नुसती बेरीज आहे, आणि तीही चुकीच्या वस्तूंची.

पैशाबद्दल आमचा वाद नाही. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटमागे ४६ डॉलर पडतात. एवढ्या स्वस्तात चांगले शिक्षण देणारी कॉलेजे थोडीच. त्यांतल्या काहींत तर आजही डार्करूम चालू आहे, लाल दिव्याखाली मुले हाताने प्रिंट धुतात. तेव्हा कम्युनिटी कॉलेजला आम्ही नावे ठेवतो असा कोणी ग्रह करून घेऊ नये. आमचा राग आहे तो 'आधी सगळे इतर, मग फोटोग्राफी' या क्रमावर.

कारण युनिट म्हणजे काही तांदळाचे माप नव्हे, की कुठल्याही पोत्यातून साठ मापे काढली तरी भात तोच! बॅचलरच्या पदवीला साधारण १२० सेमिस्टर युनिट्स लागतात, हे खरे. पण छायाचित्रणाचे वर्ग जिन्यासारखे असतात. पहिल्या वर्गात कॅमेरा, उजेड आणि प्रिंट. तो झाल्याखेरीज मधला वर्ग नाही. मधला झाल्याखेरीज प्रकाशयोजनेचा किंवा वरचा स्टुडिओ नाही. आणि तो झाल्याखेरीज शेवटच्या वर्षाचे प्रदर्शन नाही. एका सत्रात दोन पायऱ्या चढायची सोय बहुधा नसते. आता इतिहास, अर्थशास्त्र, गणित, वक्तृत्व अशी साठ युनिट्स घेऊन आलेली मुलगी कागदोपत्री तिसऱ्या वर्षात बसते आणि स्टुडिओत मात्र बालवर्गात! त्यात मधला वर्ग फक्त वसंत सत्रातच भरत असेल, तर पानगळीचे सत्र फुकट. दोन वर्षांची तीन होतात, आणि मग हेच वडील म्हणतात, "बघा, सांगत नव्हतो? फोटोग्राफीत काही राम नाही!" जिन्याची पहिली पायरी काढून ठेवली कोणी, ते मात्र कोणी विचारीत नाही.

उलट टोकाची मुलेही आहेत. कम्युनिटी कॉलेजात जेवढे कॅमेऱ्याचे वर्ग दिसतील तेवढे ही हौशी मंडळी घेत सुटतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी कम्युनिटी कॉलेजची फार तर ७० युनिट्स पदवीला धरते, आणि ती सारी खालच्या वर्गाचीच धरते. किमान ३० युनिट्स विद्यापीठातच करावी लागतात, त्यांपैकी २४ वरच्या वर्गाची. शिवाय कॉलेज क्वार्टर पद्धतीचे आणि विद्यापीठ सेमिस्टरचे असेल, तर क्वार्टरची ९० म्हणजे सेमिस्टरची ६०; चार युनिटांचा वर्ग पलीकडे जाऊन पावणेतीनही भरत नाही. रुपये बदलताना दलाली कापली जाते तसेच हे.

२०१० साली तिथे कायदा होऊन बदली घेणाऱ्यांसाठी खास असोसिएट पदवी निघाली. ती घेतली, की स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी आणि पुढच्या साठ युनिटांत पदवी पुरी होण्याची सोय. सोय चांगली आहे. परंतु हमी असते ती या विद्यापीठाच्या पसाऱ्यात कुठेतरी जागेची. मनाजोगत्या गावाची नव्हे. बी.एफ.ए.साठी बहुतेक ठिकाणी निवडक कामाचा संग्रह निराळा तपासतात, आणि त्या तपासणीला युनिट्सची बेरीज दाखवून चालत नाही.

या कलेच्या असोसिएट पदवीत रेखाटन आणि द्विमितीय व त्रिमितीय रचना सक्तीची असते. त्यावर मुले कुरकुरतात : "चित्र काढता येत नाही, म्हणून तर कॅमेरा घेतला!" या एका मुद्द्यावर आम्ही बेधडक विद्यापीठाच्या बाजूला आहोत. चौकटीत काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ज्या हाताला पेन्सिलीने कळले नाही, त्याला बटण दाबून ते सहसा कळत नाही. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या होत्या, ते काही उगीच नव्हे.

आता "पदवी हवीच कशाला?" म्हणणारे पुढे सरसावतील आणि राजा दीनदयाळांचे नाव घेतील. जरूर घ्यावे! पण ते रुरकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकले आणि इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले, तेव्हा कुठे कॅमेऱ्याकडे वळले. आमच्या मते रस्ता बदलणाऱ्यांचे ते मूळपुरुष शोभतात, अशिक्षितांचे नव्हेत. लग्नाचे फोटो काढायला पदवी लागत नाही, मान्य. अमेरिकेत कॉलेजात हा विषय शिकवायचा, किंवा एम.एफ.ए. करायची, तर मात्र सहसा लागते.

पुण्या-मुंबईहून व्हिसावर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिक्षणानंतर काम करण्याची १२ महिन्यांची मुभा त्यांनाही मिळते, पण विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी वरची २४ महिन्यांची वाढ फोटोग्राफीच्या पदवीला नाही. हे घरी आधी सांगावे, विमानतळावर नव्हे.

खासगी कलाशाळांच्या झगमगाटाबद्दल तर बोलायलाच हवे. १९४५ साली निघालेली ब्रूक्स इन्स्टिट्यूट ही फोटोग्राफीची नामांकित शाळा २०१६ मध्ये एकाएकी बंद पडली. जिथे आन्सेल अ‍ॅडम्स यांनी छायाचित्रणाचा विभाग उभा केला, ती सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट २०२२ मध्ये शिकवायची थांबली आणि २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने २०२४ च्या जूनमध्ये जेमतेम आठवड्याची सूचना देऊन दारे लावली. तिथल्या मुलांनी बदलीचा बेत आखला नव्हता. बदली त्यांच्यावर येऊन कोसळली. अशा वेळी उपयोगी पडला असेल तो प्रत्येक वर्गाचा जपून ठेवलेला अभ्यासक्रम आणि स्वतःच्या प्रिंट्स. म्हणून ज्या घरात पासपोर्ट आणि जन्मदाखले ठेवता, त्याच कपाटात हे कागदही ठेवा.

तेव्हा दिवाळीच्या फराळावर भाचीच्या भवितव्याची चर्चा निघेल, तेव्हा काकामामांनी कृपा करून "किती युनिट्स झाली?" हा प्रश्न विचारू नये. ज्या विद्यापीठात जायचे, त्याच्या शेवटच्या सत्रापासून मागे मोजत यावे : प्रदर्शन कुठल्या सत्रात, त्याआधी कोणता स्टुडिओ, तो कधी भरतो, संग्रह केव्हा द्यायचा, आणि कॉलेजातला कुठला वर्ग तिथे नावानिशी धरला जातो. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांचे हे करार 'असिस्ट' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. एवढे पाहून झाले, म्हणजे पोरीला पहिल्याच सत्रात प्राथमिक फोटोग्राफीच्या वर्गात नाव घालू द्यावे. अर्थशास्त्र दुसऱ्या सत्रात घेतले तरी चालते.