साथीचा डोंगर



गावात जुलाब-उलट्यांची साथ आली की कोणी लग्नाच्या पंगतीला बोल लावतो, कोणी विहिरीला. खरे कारण हुडकायला मुलांची चौकटीची वही कामी येते. कोण कोणत्या दिवशी आजारी पडले ते लिहा. दवाखान्यात गेल्याचा नव्हे, पहिला त्रास झाला तो दिवस धरा. मग दर रोग्यामागे एक चौकट, अशा त्या त्या दिवसावर चौकटी एकावर एक रचा. साथीचा डोंगर उभा राहील.

तो एकदम चढून लगेच उतरला, तर बाधा बहुधा एकाच जेवणातली. बरेच दिवस पठारासारखा राहिला, तर पिण्याच्या पाण्यात रोज घाण मिसळत असावी. आपल्या सातमाळ्याच्या रांगेसारखी शिखरामागून शिखरे आली, तर रोग माणसाकडून माणसाला लागत असावा. कोरोनाची अशी शिखरे नाशिक जिल्ह्याने २०२० आणि २०२१ साली पाहिलीच.

सगळ्यांना रोग लागण्याआधीच साथ का ओसरते, याचे गणित केरमॅक व मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडले. त्यासाठी त्यांनी मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगमध्ये दर आठवड्याला दगावलेल्यांचा असाच आलेख घेतला होता.

एक मात्र ध्यानात ठेवा. शेवटच्या दोन-तीन दिवसांच्या चौकटी कमी दिसल्या म्हणून पाणी उकळणे सोडू नका. उशिरा कळणारे रोगी वहीत यायचे असतात. वही आरोग्यसेविकेला दाखवा. तोवर कोणाच्या पंगतीला दोष देऊ नका.