बापाची पाठ म्हणजे रॅम्प नव्हे!

सन १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे झाले होते. प्रत्यक्ष ओंजळभर पाण्यासाठी मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला, बाबासाहेबांना स्वतः तळ्यावर जावे लागले. कायदा कागदावर असणे आणि हक्क हातात पडणे यांतले अंतर आमच्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आज तेच अंतर कॉलेजात जाणाऱ्या आमच्या अपंग मुलामुलींच्या वाट्याला आले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी त्यांच्यासाठी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि सरकारी पाट्या बदलल्या. 'हरिजन' म्हणवून घेण्याचा अनुभव पदरी असलेल्या समाजाला अशा गोड नावांचे मोल वेगळे सांगायला नको. नाव बदलले, पायऱ्या तिथेच राहिल्या.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे. किमान ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांना सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थांची इमारत सर्वांना वापरता यावी, ज्याची जशी गरज तशी वाजवी सोय त्याला मिळावी, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळावा, याची जबाबदारी शासनावर आहे. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनी हा जादा वेळ तासाला किमान २० मिनिटे ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने तर ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात सांगितले की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या दाखल्यापुरती अडवून ठेवता येणार नाही.

आता व्यवहार पाहा. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कार्यालयातून उत्तर येते, "पालकांनी सोबत यावे." लेखनिक मागितला तर, "तुमचा तुम्ही शोधून आणा." बाप रोजंदारी बुडवून लेकीला पाठीवर घेतो आणि तीन जिने चढतो. बघणारे कौतुक करतात, मोबाईलवर फोटो काढतात. त्या बापाच्या मायेबद्दल आम्हाला शंका नाही. पण त्या फोटोत आम्हाला कॉलेजचा पळपुटेपणा दिसतो. वर्ग तळमजल्यावर आणायला एक रुपयाही लागत नाही. वेळापत्रकातली एक ओळ बदलावी लागते. ती ओळ बदलत नाही, कारण बापाची पाठ फुकट मिळते!

आणि ही पाठ सगळ्यांची सारखी नसते. पगारी माणूस एक दिवस रजा टाकू शकतो. नाक्यावर उभा राहणारा मजूर, धुणीभांडी करणारी आई एक दिवस गेली तर त्या दिवसाची चूल गेली. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के होते. म्हणजे जिथे अपंगत्व जास्त, तिथेच हातावरचे पोटही जास्त. 'पालक आणा' हा नियम दिसायला साधा आहे; परिणामाने तो गरिबाच्या, दलिताच्या पोराला कॉलेजबाहेर काढणारा नियम आहे.

परंतु दोष सारा कॉलेजवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. आमच्या घरांकडेही पाहिले पाहिजे. जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्तीचा अर्ज यांची फाईल आम्ही जिवापाड जपतो. अपंगत्वाचा दाखला मात्र कपाटाच्या तळाशी जातो. धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील! कोणी म्हातारी अजूनही पुटपुटते, "गेल्या जन्मीचे भोग." १९५६ साली नागपुरात धम्म स्वीकारलेल्या समाजात हे शब्द उच्चारले जावेत? याच गेल्या जन्माच्या पापाचे कारण दाखवून आमच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले होते. तो कर्मविपाक बाबासाहेबांनी नाकारला. घरातल्या पोराच्या पायासाठी, डोळ्यासाठी तो पुन्हा उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

दुसरे टोक अतिमायेचे आहे. मूल कॉलेजात गेले, अठरा वर्षांचे झाले, मतदान करू लागले. तरी प्राचार्यांशी बोलणार वडील, विषय निवडणार मामा, अर्जावर सही आईची. ज्याच्या हक्काचा प्रश्न आहे तोच कोपऱ्यात गप्प. आमच्यासाठी दुसऱ्यांनी बोलावे, हे बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत मान्य केले नव्हते. मग आमच्या मुलांनी ते घरात का मान्य करावे? ज्यांना निर्णयासाठी आधार लागतो त्यांच्यासाठीही २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्व सांगितले आहे. त्यात निर्णय दोघांनी मिळून, परस्पर विश्वासाने घ्यायचा असतो. मुलाच्या इच्छेला बगल देण्याची मुभा तिथेही नाही.

मग पालकांनी काय करावे? दहावीच्या आधीच दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात कोणती सोय हवी ते मुलाकडून लेखी लिहवून घ्यावे, सही त्याची असावी, पोचपावती मागावी. नकार आला तर तोही लेखी मागावा आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. पालकांनी पाठीशी उभे राहावे, पुढे उभे राहू नये. आणि एकटा मजूर बाप हे करू शकत नसेल तर वस्तीतले बुद्धविहार, विद्यार्थी संघटना, कर्मचारी संघटना कशासाठी आहेत? जयंतीच्या वर्गणीतून एक लेखनिक गट उभा राहू शकतो. पण तो कॉलेज जबाबदारी घेईपर्यंतच. तिच्या बदल्यात नव्हे.

लढले तर मिळते. वाचादोष असलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला ४० टक्क्यांच्या नियमावर बोट ठेवून एमबीबीएसचा प्रवेश नाकारला गेला होता. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्याला प्रवेश दिला. टक्केवारीच्या आकड्यावरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो शिकू शकतो का हे पाहा, असे त्या निकालाचे सार आहे. तेच गवई साहेब पुढे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले.

शेवटी चळवळीतल्या माणसांनी काढलेल्या शिक्षणसंस्थांना एक सवाल. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी भरवले. विद्यार्थी वेळापत्रकात बसत नाही म्हणून त्याला बाहेर ठेवले नाही; वेळापत्रकच विद्यार्थ्यासाठी बदलले. बाबासाहेबांचे नाव पाटीवर लावणाऱ्या प्रत्येक संस्थेने या जूनपूर्वी आपल्या पायऱ्या मोजाव्यात. महाडचे पाणी आम्ही मागून घेतले नव्हते. हा जिनाही मागून मोकळा होणार नाही.

जयभीम!