गिअर आपोआप पडतात, तेल आपोआप बदलत नाही



मागे हिंगणघाट तालुक्यातील एका गावी जाणे झाले. अंगणात एक जुनी मोठी गाडी उभी होती आणि घरधनी तिच्याकडे बघत ओट्यावर बसले होते. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नसलेली, आणि सेकंडहँड घेतलेली. लेकीला बाळंतपणासाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचे त्याच रात्री नेमकी बॅटरी उतरली. पोरांनी धक्के मारले, गाडी काही सुरू झाली नाही. शेवटी शेजाऱ्याच्या जीपने लेकीला नेले, सारे सुखरूप पार पडले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी सोळा किलोमीटर गॅरेजपर्यंत ओढत नेली. नवी बॅटरी बसली, पण पुढे काय? "भाऊ, इंजिन तं मस्त बोलून राह्यलं, पण गाडी जाग्यावरून हालूनच नाही राह्यली!"

असे का झाले, ते नीट समजून घेऊ या. २०१५ साली एक्सयूव्ही ५०० ऑटोमॅटिक आली, २०१६ साली इनोव्हा क्रिस्टा. त्या काळच्या गाड्या आता फिरत फिरत आपल्या गावांत येत आहेत. चालवायला सोप्या, सूनबाईही चटकन शिकते. पण आतली रचना आपल्या नेहमीच्या जीपसारखी नाही.

दोन पंखे समोरासमोर तेलात बुडवून ठेवले आहेत अशी कल्पना करा. एक इंजिन फिरवते. त्याने ढवळलेले तेल दुसऱ्याला फिरवते, आणि तिथून जोर गिअरमध्ये जातो. गिअर बदलतात तेही तेलाच्याच दाबाने. आतल्या क्लचप्लेटा तेल दाबून धरते. हा दाब देणारा पंप इंजिनवर चालतो. विहिरीवरची मोटर बंद असली तर नळीला पाणी येत नाही, तसेच हे. इंजिन बंद, तर दाब नाही. म्हणून धक्का मारून अशी गाडी सुरू होत नाही. आणि चाके जमिनीवर ठेवून ओढली, तर आतले भाग तेलावाचून कोरडे फिरतात आणि झिजतात. तेव्हा ट्रॅक्टरचा दोर बांधूच नका. गाडी सपाट फळीच्या टोइंग ट्रकवर चढवून न्या, निदान ज्या चाकांना इंजिनचा जोर मिळतो ती चाके तरी उचललेली हवीत. बॅटरीच उतरली असेल तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल जोडून सुरू करा. एवढ्या साध्या कामासाठी त्या घरी गिअरबॉक्स गमावला.

खरे म्हणजे दोष एकट्या दोराचाही नव्हता. तेल कधी बदलले, असे विचारले तर म्हणाले, "विकणारा म्हणे, या तेलाले जन्मभर हात लावा लागत नाही." हे बोलणे मला पटत नाही. मॅन्युअलमध्ये कडक वापरासाठी बहुधा वेगळा आकडा असतो, आणि वर्ध्याचा मे महिना, धुळीचा रस्ता, मागे भरलेली ट्रॉली हा कडक वापरच होय. नवे तेल बहुधा लाल असते. काळपट झाले आणि जळका वास आला, तर उष्णतेने त्याचा कस गेला असे समजा. काही गाड्यांना तेल पाहायची पट्टी असते. अनेकांना नसते, तिथे माहीतगार मेकॅनिकच हवा, कारण तेलाची पातळी ठराविक उष्णतेवर मोजावी लागते. बोल्ट काढून सोडले तर सारे तेल निघत नाही, बरेचसे त्या पंख्यांच्या डब्यातच राहते. म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा बदलावे. वर्षानुवर्षे हात न लावलेल्या गाडीत मशीन लावून दाबाने आतून धुऊन काढू नये, बसलेला गाळ उठून बारीक वाटा बुजतात. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलेच घ्या. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे उरलेले तेल इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार होते. रेडिएटरमध्ये बोअरचे खारे पाणी ओततात. बऱ्याच गाड्यांत गिअरचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच पोटात असते. ती गंजून फुटली की पाणी तेलात जाते. तेल गुलाबी दुधासारखे दिसू लागले, तर गाडी तिथेच थांबवा. पाण्याने क्लचप्लेटांचे अस्तर सुटते. पावसाळ्यात भरल्या नाल्यातून गाडी घातली तरी हाच धोका. कूलंट डबल किमतीचे वाटले तरी तेच घाला.

चालवताना दोनच सवयी लावून घ्या. गाडी पुरती थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. आणि तळेगावकडचा घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, खालचा गिअर धरा. चढावर थांबायचे झाल्यास ब्रेक दाबा; ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तेल तापते.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा सकाळी, इंजिन थंड असताना जा. ब्रेक दाबून आधी रिव्हर्स, मग ड्राइव्ह टाका. गिअर लागायला वेळ लागला किंवा जोराचा हिसका बसला, तर भाव करत बसू नका.

त्या घरची गाडी पुढे उघडली. तळाच्या ट्रेमधल्या चुंबकाला बारीक राखाडी भुकटी चिकटलेली असतेच, ती चालते. तिथे मात्र धातूचे तुकडे निघाले. गिअरबॉक्स दुरुस्तीला नागपूरला गेला आहे, आणि कापसाच्या चुकाऱ्यातला मोठा वाटा त्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे.