मराठी ख्रिस्ती वाङ्मय : परीक्षेपलीकडील वाचन

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासात ख्रिस्ती वाङ्मयाला स्थानच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'ख्रिस्तपुराणा'चा निर्देश प्राचीन वाङ्मयाच्या इतिहासात होतो, 'यमुनापर्यटन'चा कादंबरीच्या उगमाच्या चर्चेत होतो आणि 'स्मृतिचित्रे'चा आत्मचरित्राच्या प्रकरणात होतो. परंतु या तीन ग्रंथांचा एकमेकांशी काही संबंध आहे आणि त्यांच्यामागे चार शतकांची, अद्याप खंडित न झालेली लेखनपरंपरा आहे, याची जाणीव विद्यार्थ्याला क्वचितच होते. 'पहिली कादंबरी कोणती?' या प्रश्नाच्या उत्तरापुरते बाबा पदमनजी त्याला ठाऊक असतात. मूळ पुस्तक हाती घेण्याची वेळ बहुधा येत नाही.

ही स्थिती पुस्तकांच्या दुर्मीळतेमुळे आली, असे पूर्वी म्हणता येत असे. गेल्या सुमारे तीस वर्षांत ती सबब बरीच दुबळी झाली आहे. नव्या संपादित आवृत्त्या, अनुवाद, अभ्यासग्रंथ आणि स्वतंत्र लेखन यांमुळे ही परंपरा आरंभापासून आजपर्यंत वाचण्याची सोय झाली आहे. ही पुस्तके कोणत्या दृष्टीने वाचावीत, हा प्रश्न मात्र उरतो.

एक दृष्टी भाषेची आहे. एका नव्या श्रद्धेचा अनुभव मराठीत मांडायचा, तर पाप, कृपा, तारण, स्वर्ग यांसाठी शब्द आणायचे कोठून? मराठीतील धार्मिक शब्दसंपत्ती संतांनी आणि पुराणिकांनी घडविलेली. ती घ्यावी तर जुने अर्थ सोबत येतात, टाकावी तर भाषा परकी होते. प्रत्येक महत्त्वाच्या ख्रिस्ती लेखकाने हा पेच आपापल्या परीने सोडविला आहे. ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास हा अशा रीतीने मराठी भाषेच्या एका कसोटीचाही इतिहास ठरतो.

वाचनाचा आरंभ अर्थातच फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून करावा लागेल. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा सांगितली. १६१६ साली राशोल येथे ती रोमन लिपीत छापली गेली. स्टीफन्सने ओवी स्वीकारली, 'पुराण' हे नाव स्वीकारले आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही स्वीकारला. शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या देवनागरी आवृत्तीनंतर कारिदाद द्रागो यांनी संपादिलेली आवृत्ती १९९६ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केली. फादर नेल्सन फल्काव यांनी २००९ साली आजच्या मराठीतील रूपांतरासह हा ग्रंथ उपलब्ध करून दिला. सतराव्या शतकातील भाषेला बिचकणाऱ्या विद्यार्थ्याने फल्काव यांची आवृत्ती आधी उघडावी. संशोधकाला याहून पुढे जाता येईल. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमधील मार्स्डेन संग्रहात या ग्रंथाचे देवनागरी हस्तलिखित आहे आणि त्याची शब्दकळा छापील पाठाहून अधिक संस्कृतनिष्ठ आहे. या दोन पाठांची तुलना हा एका प्रबंधाला पुरेल असा विषय आहे.

कथात्म लेखनात 'यमुनापर्यटन' (१८५७) हे पुन्हा वाचावयाचे पुस्तक आहे. या कादंबरीवर प्रचारकीपणाचा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. कथेचा शेवट कोठे जाणार, हे वाचकाला लवकरच कळते. तरीही यमुना आणि विनायक यांच्या प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या, आणि पुढे त्या विधवांच्या पंक्तीत स्वतः यमुनेचेच येऊन बसणे, ही रचना केवळ उपदेशाची म्हणून बाजूला सारता येणार नाही. इतरांचे दुःख पाहणारी नायिका त्याच दुःखाचा विषय होते. कादंबरीचे तंत्र मराठीत अद्याप घडलेले नसताना पदमनजींना ही कल्पना सुचावी, हे विशेष आहे. या कादंबरीचा दीप्रा दांडेकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२२ साली आला. त्याआधी २०२१ साली त्यांचा पदमनजींवरील अभ्यासग्रंथ प्रसिद्ध झाला. दिनकर शंकर सावरकर यांच्या 'सुभेदाराचा पुत्र' (१८९५) या कादंबरीचाही त्यांनी प्रस्तावनेसह अनुवाद केला असून तो २०१९ सालचा आहे. पित्याचे धर्मांतर पुत्राने कादंबरीच्या रूपात सांगावे, हा प्रकार चरित्र आणि कल्पित यांच्या सीमेवरचा आहे. वाङ्मयप्रकारांचा अभ्यास करणाऱ्याने तो अवश्य पाहावा. मात्र एक विसंगतीही नोंदवावी लागते. या ग्रंथांविषयीची गंभीर चर्चा आज प्रामुख्याने इंग्रजीत चालते, आणि ज्या भाषेत ते लिहिले गेले त्या भाषेचे विभाग तिच्यापासून दूर राहतात.

'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) शिफारशीची अपेक्षा करीत नाही. शांता गोखले यांच्या २०१७ च्या इंग्रजी अनुवादाने तिला मराठीबाहेरही नवे वाचक मिळाले. पण मराठी वाचकानेही ती एकदा धर्मांतराची कथा म्हणून वाचावी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी घेतला. मधल्या काळातील त्यांचा बदल तत्त्वचर्चेतून झालेला दिसत नाही. पाणी, स्वयंपाक, सोवळे, शेजार अशा घरगुती गोष्टींतून तो होत जातो. लक्ष्मीबाईंची मराठी या अनुभवासाठी वेगळा शब्दच शोधीत नाही. घरातली बोली तिला पुरते. स्टीफन्सने पुराणाची भाषा घेतली, टिळकांनी अभंगाची घेतली, लक्ष्मीबाईंनी माजघरातली घेतली. याच्या जोडीला पंडिता रमाबाईंचे बायबल पाहावे. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले आणि १९२४ साली प्रसिद्ध झालेले हे भाषांतर अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे, या हेतूने सोप्या मराठीत केलेले आहे. संस्कृतच्या एका विदुषीने संस्कृतप्रचुरता जाणीवपूर्वक टाळावी, ही घटना भाषांतराच्या अभ्यासात अजून पुरेशी विचारात घेतली गेलेली नाही.

अलीकडच्या लेखकांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे लेखन प्रथम वाचावे. त्यांच्या 'सुबोध बायबल – नवा करार' या ग्रंथाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. रमाबाईंच्या भाषांतराशेजारी ठेवून तो वाचला, तर नव्वद वर्षांत मराठी कोठे आली हे दिसते. 'नाही मी एकला' हे त्यांचे आत्मकथन वसईच्या नंदाखाल गावापासून 'सुवार्ता' मासिकाच्या संपादनापर्यंत आणि हरित वसईच्या लढ्यापर्यंत येते. संघर्षाच्या प्रसंगीही दिब्रिटोंचे निवेदन शांत राहते. काही ठिकाणी ते अतिशांत वाटते आणि वाचकाला लेखकाच्या मनातील द्वंद्व अधिक उघड व्हावे असे वाटत राहते. पण तुकोबा आणि बायबल दोन्ही घरचेच मानणारी ही मराठी वाचताना स्टीफन्सचा पेच कितपत सुटला, याचे एक उत्तर मिळते. २०२० साली उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळाला. त्यांच्या निवडीला विरोधही झाला. मराठी कोणाची, हा प्रश्न वाङ्मयेतिहासापुरता उरलेला नाही, हे त्या विरोधाने दाखविले.

या यादीत एक मोठी उणीव आहे आणि ती झाकणे योग्य नव्हे. टिळक, रमाबाई, सावरकर ही सारी नावे उच्चवर्णीय कुटुंबांतून आलेल्यांची आहेत. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि मराठवाडा या भागांत ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. त्यांची गाणी, साक्षी, पत्रे, नियतकालिकांतील स्फुटे वाङ्मयेतिहासाच्या मुख्य प्रवाहात अत्यल्प आली. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'चे जुने अंक या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. गंगाधर मोरजे यांच्या 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' या ग्रंथाने वाट आखून दिली आहे. त्या वाटेवरून तळच्या वस्तीपर्यंत कोणी तरी जावयास हवे.

हे वाङ्मय श्रद्धेने लिहिलेले आहे, म्हणून त्याचा वाङ्मयीन विचार करू नये, हा आक्षेप टिकणारा नाही. तो मान्य केला तर महानुभावांचे आणि वारकऱ्यांचे वाङ्मयही अभ्यासक्रमातून काढावे लागेल. वाचकाने लेखकाची श्रद्धा स्वीकारावी अशी अपेक्षा येथेही नाही. ती समजून घ्यावी एवढीच आहे. एखाद्या विभागाने एका सत्रापुरते 'ख्रिस्तपुराणा'तील एक अवस्वरू, 'यमुनापर्यटन', 'स्मृतिचित्रे' आणि 'नाही मी एकला' एवढेच सलग वाचावयास लावले, तरी विद्यार्थ्याच्या मनातील मराठी वाङ्मयाचा नकाशा बदलेल. त्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही.