लहरी कुणाच्या?

रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय. महाडचं तळंही कागदावर १९२४ पासून खुलंच होतं! पाणी प्यायला १९२७ उजाडलं.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर फोन लागत नाही. हरवलेल्या म्हातारीचा निरोप चौकीपर्यंत पोहोचायला तास जातो. पोलिसांकडे वायरलेस, आपल्या स्वयंसेवकांकडे शिट्टी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या वॉकीटॉकींसाठी २०१८च्या नियमांनी विनापरवाना खुला आहे. किती मंडळांना ठाऊक आहे? त्याहून लांबच्या पल्ल्याला दूरसंचार विभागाचा परवाना आणि शुल्क लागतं. तिथेही अर्ज टाका की! बड्या कंपन्या लिलावात पट्टेच्या पट्टे नेतात आणि आपण विचारतही नाही. जयंतीच्या वर्गणीतून डीजे येतो, मग चार मान्यताप्राप्त वॉकीटॉकी का येत नाहीत?