अभिष्यंदाची साथ आणि वैद्याचा हात

आपल्या परिषदांमध्ये सुश्रुत निदानस्थानातील कुष्ठनिदानाध्यायाच्या अखेरच्या श्लोकांचा उल्लेख झाला नाही, असे वर्ष सहसा जात नाही. नित्य सहवास, अंगाला अंग लागणे, निःश्वास, एकत्र भोजन, एका शय्येवर निजणे, एका आसनावर बसणे, दुसऱ्याचे वस्त्र, माळ वा लेप वापरणे यांमुळे कुष्ठ, ज्वर, शोष आणि नेत्राभिष्यंद हे रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, असे तेथे सांगितले आहे. वक्ता श्लोक म्हणतो, सभागृहात टाळ्या पडतात आणि आपल्या शास्त्राला संसर्ग पूर्वीच ठाऊक होता या समाधानात आपण चहापानास जातो. प्रस्तुत लेखकानेही अशा टाळ्या वाजविल्या आहेत. त्या श्लोकाचा अर्थ मात्र त्याला २०२३ च्या पावसाळ्यात, जिवतीच्या पहाडावर, स्वतःच्या चुकीतून कळला.

त्या वर्षी जुलै महिन्यात पुणे जिल्ह्यातील आळंदी येथे मुलांचे डोळे येऊ लागल्याच्या वार्ता आल्या आणि पाहता पाहता साथ राज्यभर पसरली. राज्यातील रुग्णसंख्या लाखांच्या घरात गेली. आमचा तालुका माणिकगडच्या डोंगररांगेत, तेलंगणाच्या सीमेला लागून. कोलाम, गोंड व परधान समाजाचे गुडे, बंजाऱ्यांचे तांडे आणि मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली शेतकरी कुटुंबे अशी येथील वस्ती. दूरच्या गावची साथ पहाडावर कशी चढेल, असे आम्हांस वाटत होते. पण साथीला वेगळा रस्ता लागत नाही. माणसे ज्या जीपमधून दाटीवाटीने गडचांदूरला जातात, त्याच जीपमधून ती परत येते.

ऑगस्टमध्ये एका आश्रमशाळेतून बोलावणे आले. सात-आठ मुलांचे डोळे लालबुंद, पापण्या सुजलेल्या, सकाळी चिकटलेल्या. मी उत्साहाने त्रिफळ्याचा काढा गाळून नेला, मुलांना ओळीने उभे केले आणि आश्च्योतन केले. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे झाले असते. प्रतिबंध म्हणून निरोगी मुलांच्या डोळ्यांतही मी तेच थेंब घातले. शिशी एक, ड्रॉपर एक, पापणी ओढणारा अंगठा एक. तीन दिवसांनी वसतिगृहातील निम्म्याहून अधिक मुले आजारी होती. मी पुन्हा गेलो तेव्हा स्वयंपाकघरातील एका बाईने, कोणताही आव न आणता, विचारले, "डॉक्टरसाहेब, एकच शिशी सगळ्यायच्या डोळ्यात घातली होती का तुम्ही?" मला उत्तर सुचले नाही. त्यांतील काही मुलांना लागण आधीच झालेली असणार, हे खरे. परंतु सर्वांनाच झाली होती असे म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय.

त्या रात्री निदानस्थान उघडले आणि आचार्यांची यादी आश्रमशाळेला लावून पाहिली. सहशय्या: एका सतरंजीवर तीन-तीन मुले. वस्त्र: दोरीवर वाळत असलेले दुपट्टे, ज्याच्या हाती जो येईल त्याने तोंड पुसावे. अनुलेपन: गुड्यावरून भेटायला आलेल्या आईने आणलेली काजळाची डबी, तिच्यातले काजळ एका बोटाने चार भावंडांना. आसन: माझ्या दवाखान्यातले लाकडी बाक, जे त्या आठवड्यात एकदाही पुसले गेले नव्हते. आणि गात्रसंस्पर्श म्हणजे साक्षात वैद्य. या यादीत 'पाहणे' नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. आलेल्या डोळ्यांकडे पाहिल्याने डोळे येतात ही समजूत पहाडावर जितकी दृढ आहे तितकीच शहरातही. काळ्या चष्म्याने रुग्णाला प्रकाश सुसह्य होतो. शेजाऱ्याचे रक्षण होत नाही. डोळ्यातला स्राव हाताला लागतो, हात दुसऱ्या वस्तूला, आणि ती वस्तू दुसऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचते.

वैद्याच्या हाताने साथ पसरण्याचा दोष केवळ आपल्याच पॅथीचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये कामगारांना डोळ्यांच्या एका साथीने गाठले. तिला पुढे 'शिपयार्ड आय' हे नावच पडले. डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण काढून घेण्यासाठी कामगार गोदीच्या दवाखान्यात जात आणि तेथील उपकरणांतून व हातांतून रोग घेऊन परतत. तिचे कारण असलेला एडिनोव्हायरस १९५५ च्या सुमारास ओळखला गेला. दुसरा मोठा गट एन्टेरोव्हायरसचा. त्याची रक्तस्रावी साथ १९६९ मध्ये घानात प्रथम दिसली. चांद्रमोहिमेचे दिवस असल्याने लोक तिला 'अपोलो' म्हणू लागले. १९७१ मध्ये ती भारतात पोहोचली, आणि बांगलादेशच्या निर्वासितांचे लोंढे येत असलेल्या कोलकात्यात तिचे नाव 'जय बांगला' झाले. मुंबईत त्या साथीनंतर काही रुग्णांच्या पायांत पोलिओसारखे दौर्बल्य आले, डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद केली. डोळे येणे म्हणजे किरकोळ दुखणे, असे सरसकट म्हणण्यापूर्वी हे स्मरावे.

या दोन्ही विषाणूंना मेदाचे आवरण नाही. त्यामुळे सॅनिटायझरच्या दोन थेंबांवर विसंबणे युक्त नव्हे. साबण आणि वाहते पाणी हवे. येथे पहाडाचा प्रश्न उभा राहतो. ज्या गुड्यावर बायकांना हंडाभर पाण्यासाठी चढ-उतार करावा लागतो, तेथे "वारंवार हात धुवा" हा उपदेश मला तरी संकोचाशिवाय करता येत नाही. आश्रमशाळेत आम्ही डब्याला खाली भोक पाडून खुंटी बसविली, म्हणजे बादलीत सर्वांचे हात बुडणार नाहीत. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे करून, उकळून, उन्हात वाळवून प्रत्येक मुलाला स्वतंत्र दिले. पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून चुलीजवळ दोरी बांधली. साथ ओसरली, ती आमच्या उपायांनी ओसरली की लागण व्हायची ती मुले संपली म्हणून, हे मी ठामपणे सांगणार नाही.

हाच संशय आपण आपल्या औषधांविषयीही बाळगावा. बहुतेक रुग्णांत हा रोग आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप शमतो. मग सातव्या दिवशी बरा झालेला रुग्ण दाखवून अमुक अंजनाचा गुण गाणे कितपत प्रामाणिक? उत्तरतंत्रात वातज, पित्तज, कफज व रक्तज असे अभिष्यंदाचे चार भेद सांगितले आहेत आणि उपेक्षा झाल्यास अधिमंथाचा इशारा दिला आहे. आमावस्थेत अंजन वर्ज्य, हेही आपण शिकलो. तरी साथ आली की पहिल्याच दिवशी अंजनाची डबी उघडतो. सकाळचा काढा संध्याकाळी डोळ्यात घालणे हे तर उघड्या पाण्यात जंतू वाढवून ते डोळ्यात सोडणे आहे. धूळ, धूर, घाम, स्वप्नविपर्यय ही आचार्यांनी दिलेली कारणे डोळ्याला दुर्बल करतात, असे माझे मत आहे. परंतु साथ उठते ती संक्रमणाने.

पावसाळ्यात कपाशीवर फवारणी चालते, तेव्हा येथे येणारा प्रत्येक लाल डोळा अभिष्यंदाचा नसतो. डोळ्यात औषध उडाले असल्यास तत्काळ भरपूर पाण्याने धुऊन पुढे पाठवावे. तीव्र वेदना, दृष्टी अंधुक होणे, बुबुळावर पांढरा डाग, काडी वा कणीस लागल्याचा इतिहास, किंवा रुग्ण नवजात अर्भक असणे, यांपैकी काहीही असले तर नेत्रतज्ज्ञाकडे धाडण्यात कमीपणा नाही. मेडिकलच्या दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब अशा बुबुळाचा नाश करू शकतात, आणि ते थेंब चिठ्ठीवर लिहून देणाऱ्यांत आपले काही पदवीधर बंधूही आहेत, हे येथे लिहिणे भाग आहे.

संघटनेच्या कार्यकारिणीस माझी विनंती एवढीच की, नेत्रशिबिरांत सामायिक शिशीतून आश्च्योतन करण्याची पद्धत पुढील पावसाळ्यापूर्वी बंद करावी. साथीच्या काळात निरोगी डोळ्यात काहीही घालू नये. ज्याला औषध द्यायचे त्याला त्याच्या नावाची छोटी, सीलबंद शिशी द्यावी. दोन रुग्णांच्या मध्ये वैद्याने साबणाने हात धुवावेत, टॉर्च व बाक पुसावे. शिबिराच्या खर्चात फलक आणि शाल-श्रीफळ यांसाठी तरतूद असते. त्याच कागदावर साबण आणि शिश्यांची एक ओळ वाढवावी.