केसांत चिकटलं? थांबा, कात्री नको!



वेणीत च्युइंगगम अडकलं, की पहिली धाव नळाकडे! पण पाण्याने ते निघत नाही. ओढलं तर आणखी पसरतं. मग घरी रागावतील म्हणून गुपचूप कात्री चालते आणि केसांची बट जाते. याची काही गरज नाही.

च्युइंगगमचा चिवट भाग रबरासारखा असतो. तो पाण्यात विरघळत नाही, पण तेलाने मऊ पडतो. फणसाच्या चिकाचंही तसंच. म्हणून तर कोकणात फणस कापण्याआधी हाताला आणि विळीला खोबरेल तेल चोळतात!

आता कृती पाहा :

१) चिकटलेली बट वेगळी करा. बाकीचे केस बांधून ठेवा.

२) चमचाभर खोबरेल तेल त्या जागी बोटांनी चोळा. दहा मिनिटं थांबा.

३) बट मुळाशी घट्ट धरा, म्हणजे ओढ बसणार नाही. रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून हळूहळू वर विंचरत जा. नाही निघालं, तर पुन्हा तेल लावा.

४) शेवटी शिकेकाई किंवा शाम्पूने केस धुवा.

कागद चिकटवायचा ओला डिंक लागला असेल, तर मात्र कोमट पाणीच पुरे. तो पाण्यात विरघळतो.

रॉकेल, पेट्रोल मात्र मुळीच लावू नका. कातडीची आग होते, शिवाय ते पटकन पेट घेतं.

आणि हो, घरी सांगायला घाबरू नका. जितक्या लवकर सांगाल, तितके केस वाचतील!